पाणी ठरवील

साऱ्या पुण्यात पाण्यावर भरवसा ठेवून चित्र काढणारा माणूस एकच, आणि नेमकी त्यालाच आम्ही आमची ताई दिली. मेहुणे पिढीजात चितारी. त्यांच्या वडिलांनी भिंतीवर काढलेल्या गजाननाच्या कंठीतला मणी न् मणी दिसतो. मेहुणेही तसंच काढायचे. पण एकदा संगमावर कुणी टोपीकर साहेब कागद आधी भिजवून मग त्यावर रंग सोडताना त्यांनी पाहिला, आणि घराला दृष्ट लागली. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या ओटीवर सदैव ओले कागद. धोतरांच्या दांडीवर एकदा अख्खा मुठेचा पूर वाळत होता. शेजारच्या कारकुनांनी विचारलं, "हे घोडं आहे की ढग?" मेहुणे शांतपणे म्हणाले, "पाणी ठरवील." "मग ठरलं की हाक मारा," म्हणून कारकून गेले. मी मात्र रोज जायचो. ओघळ कुठे वळतो ते बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

भाचीला दिली होती थेट बुंदेलखंडात. न्यायला माणसं आली तेव्हा ताईनं हट्ट धरला, "पुन्हा कधी दिसेल देव जाणे. तिचं चित्र काढा. आणि कोरडं काढा!" मेहुण्यांनी तिला पाटावर बसवून रेघारेघांनी काढून पाहिली, पण पोर मखरातल्या गौरीसारखी ताठ दिसायची. ते कागद त्यांनी फाडले. शेवटी निघायच्या सकाळी ती दारात बोचकं बांधत उभी असताना त्यांनी कागद भिजवला आणि झरझर रंग सोडले. मी वाकून बघत होतो. हसू की रडू अशा बेतातला तिचा चेहरा हळूहळू उमटला. हुबेहूब ती!

आम्ही सगळे गाडीपाशी गेलो. विसरलेली शिदोरी आणायला ताई आत धावली, तिला चित्रावर पाणी दिसलं. सांडलं समजून तिनं घाईघाईनं पदरानं टिपलं.

गाडी गेल्यावर आम्ही आत आलो तर हिरवं लुगडं होतं, बोचकं होतं, चेहऱ्याच्या जागी कोरा कागद. "अहो, मी पुसून टाकली हो तिला," म्हणत ताई मटकन बसली. मेहुण्यांनी तो कागद उचलून दांडीवर वाळत घातला.

पुढे एकदा मी म्हटलं, "भाऊजी, भरा की चेहरा. तुम्हाला पाठ आहे."

"पाठ आहे रे. पण तो त्या दिवशीचा. ती तिकडे मोठी होतेय."

चित्र तसंच आहे. दिवेलागणीला ताई त्या कोऱ्या जागेकडे बघत विचारते, "आता गालांनी भरली असेल, नाही?" मेहुणेही जवळ जाऊन निरखून बघतात आणि म्हणतात, "थोडी भरलीय."