कंपायलरने अडवलेली लिस्ट

काकू खरं तर तिथे कुणाचीच काकू नव्हती. ऑफिसातली बाकीची मंडळी पंचविशीतली आणि ही पंचेचाळिशीला टेकलेली, म्हणून पहिल्याच आठवड्यात ते नाव तिला चिकटलं. लग्नाच्या सुमारास ती जावा या संगणकभाषेत प्रोग्राम लिहायची. मग सासूबाईंची एक बाजू लुळी पडली आणि त्यांना उठवण्या-बसवण्यात, हाताला धरून चालवण्यात वर्षं कशी गेली, तिचं तिलाच कळलं नाही. सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागल्या तेव्हा त्यांनीच विषय काढला. "माझं मी बघते आता. तू तुझं बघ," म्हणाल्या. काकूने दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहायला घेतले.

जिथे नोकरी लागली ती कंपनी रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. कंपनी म्हणजे काय, तर एका दुकानावरची लांबट खोली, टेबलांच्या दोन रांगा आणि एक पांढरा फळा. चालवणारे सर स्वतः जुने प्रोग्रामर.

काकूच्या काळात जावाची लिस्ट म्हणजे सगळा सरमिसळ कारभार असे. आत काहीही टाका. बाहेर काढताना 'हे अमुक आहे' असं आपणच छातीठोकपणे सांगायचं. खरं निघालं तर ठीक, नाहीतर प्रोग्राम जागच्या जागी कोसळायचा. मधल्या काळात जेनेरिक्स आले होते. आता लिस्ट बनवतानाच टोकदार कंसात लिहायचं, हिच्यात काय राहणार. मग दुसरं काही टाकायला गेलं की कंपायलर, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधी तपासणारा, तिथेच हात धरायचा. काकू हे घरी बसून शिकली होती, पण शिकणं वेगळं आणि अंगवळणी पडणं वेगळं. त्यात सरांनी तरुणपणी लिहिलेला कोड अजून जुन्याच पद्धतीचा होता.

एके दिवशी सकाळी एका रक्तपेढीचा फोन आला. शिल्लक साठ्याची यादी छापायला गेलं की प्रोग्राम बंद पडत होता आणि तिथली तंत्रज्ञ बाई पिशव्या हाताने मोजत बसली होती. कारण लवकर सापडलं. रक्ताच्या पिशव्यांच्या लिस्टमध्ये रक्ततपासणीच्या एका नळीची नोंद शिरली होती. ती नोंद काढून टाकल्यावर पेढीचं काम सुरू झालं. पण नळी आत टाकली कुणी, याचा पत्ता लागेना. प्रोग्राम कोसळत होता छपाईच्या ठिकाणी, आणि चूक घडत होती कुठेतरी भलतीकडेच.

टायपिंगच्या वेगामुळे ज्याला सगळे तुफान म्हणत, त्याच्याकडे उपाय तयार होता. लिस्टमध्ये पिशवी नसलेलं काही दिसलं तर गुपचूप वगळायचं. जेवणाच्या सुट्टीआधी काम फत्ते. सरही त्याकडेच झुकले होते.

"नको," काकू म्हणाली. "आत्ता बंद पडतंय म्हणून कळतंय तरी. वगळत गेलो तर पिशवीच्या जागी नळी नोंदली गेल्याचं कुणाला कळणारच नाही."

"मग काय करायचं?" सरांनी विचारलं.

"लिस्टवर लिहू या, आत काय राहणार ते. मग चुकीचं कोण टाकतंय हे कंपायलरच दाखवेल."

सरांनी आठवडा दिला.

सुरुवात झकास झाली. मग छपाईच्या फंक्शनपाशी, म्हणजे छपाईचं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यापाशी, गाडी अडली. ते फंक्शन कुठलीही लिस्ट छापायचं, म्हणून काकूने तिथे 'ऑब्जेक्टची लिस्ट' असं लिहिलं. ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, आणि जावात जवळपास सगळंच ऑब्जेक्ट. पिशवीही ऑब्जेक्ट. तरीही कंपायलर पिशव्यांची लिस्ट आत घेईना. काकूने डोकं खाजवलं, वाचलं, पुन्हा लिहिलं, तो ढिम्म. तुफानने सांगितलं की कंस काढून टाक आणि कंपायलरकडून येणाऱ्या धोक्याच्या सूचना दाबून टाक, आम्ही सगळे तेच करतो. तिला ते पटेना.

घरी जेवतानाही तिचं लक्ष ताटात नव्हतं. नवरा म्हणाला, "त्या कंपायलरशी तू माझ्यापेक्षा जास्त भांडतेस."

"तो निदान कारण तरी सांगतो," काकू म्हणाली. सासूबाईंना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती फळ्यासमोर उभी राहिली आणि तिने उलटा विचार केला. समजा, कंपायलरने हे चालवून घेतलं, तर? पिशव्यांची लिस्ट ऑब्जेक्टची लिस्ट म्हणून फंक्शनमध्ये गेली. आता तिथे कुणी त्या लिस्टमध्ये नळी टाकली. नळीही ऑब्जेक्टच, मग अडवणार कोण? आणि बाहेर मात्र सगळे तिला अजून पिशव्यांचीच लिस्ट समजणार. म्हणजे जो रोग काढायला ती बसली होती, तोच मागच्या दाराने आत. काकू एकटीच हसली. कंपायलर आडमुठेपणा करत नव्हता, राखण करत होता.

तिने कंसात 'ऑब्जेक्ट' खोडून नुसतं प्रश्नचिन्ह घातलं. जावात त्याचा अर्थ असा: आत काय आहे ते मला ठाऊक नाही, मी वाचेन, पण टाकणार काही नाही. कंपायलर निमूटपणे पुढे गेला.

मग तिने तुफानला फळ्यापाशी बोलावून सगळं दाखवलं. नंतर जागेवर जाऊन त्याने आपण दाबलेल्या सूचना एकेक करून उघडायला घेतल्या.

आठवडा सरायच्या आत शेवटच्या फाइलमध्ये कंपायलरची लाल रेघ उमटली. परत आलेल्या पिशव्यांची नोंद करणारा भाग होता तो. पिशवीसोबत तिची नळीही त्याच लिस्टमध्ये टाकली जात होती. त्या पेढीने परत आलेल्या पिशव्या पुन्हा तपासायला नुकतीच सुरुवात केली होती, म्हणून आजवर ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सरांनी चष्मा वर करून ती ओळ वाचली.

"हे माझंच अक्षर," ते म्हणाले.

"तेव्हा अडवणारं कुणी नव्हतं, सर," काकू म्हणाली.

ती तिथेच थांबली नाही. पिशव्यांचा साठा, नळ्यांचा साठा, रक्तदात्यांची यादी, तिन्हींसाठी तोच कोड तीनदा उतरवलेला होता. तिने एकच क्लास, म्हणजे तिन्हींना चालेल असा कोडचा साचा, लिहिला आणि प्रकाराच्या जागी 'टी' हे अक्षर ठेवलं. ज्याला जे हवं ते त्याने कंसात सांगावं. उरलेल्या नकला पुसताना तिला घर आवरल्यासारखं हलकं वाटलं. सरांनी बाकीचा सगळा कोडही तिच्या हवाली केला. ती म्हणाली, एकटीने नाही, सगळ्यांनी मिळून करू.

आता नवीन कुणी रुजू झालं की सर त्याला काकूच्या टेबलाशी पाठवतात. ती आधी काही शिकवत नाही. पिशव्यांची एक लिस्ट समोर ठेवते आणि सांगते, कंपायलरला फसवून हिच्यात नळी घालून दाखव. तो खटपट करत असतो, तोवर ती आपलं काम करत बसते.