तीन भोकांचं बिस्किट

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या भिंगकाकांचा घड्याळावरसुद्धा विश्वास नाही. मनगटावर एक, भिंतीवर एक आणि खिशात एक अशी तीन घड्याळं बाळगतात, आणि तिन्हींत एकच वेळ दिसली की म्हणतात, "काहीतरी गडबड आहे." अठ्ठावीस वर्षं ते बिस्किटांच्या कारखान्यात तपासनीस होते. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या बिस्किटांकडे संशयानं बघायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला. संशय आणि शर्टाच्या खिशातलं भिंग तेवढं त्यांनी घरी आणलं.

घरात ते, त्यांची मुलगी आणि सात वर्षांची नात. जावई बोटीवर, सहा सहा महिने समुद्रात. मुलगी रुग्णालयात परिचारिका. नात शाळेतून अडीचला येते, तिची आई साडेसहाला. मधले चार तास आजोबांचे. या चार तासांसाठीच आपण बाकीचे वीस काढतो, असं ते मला एकदाच बोलून गेले, आणि मी ते कुणाला सांगतो की काय म्हणून पुढे आठवडाभर जिन्यात माझ्याकडे रोखून बघत होते.

एके दिवशी दंतवैद्यानं नातीचे दोन दात किडल्याचं सांगितलं. मुलगी घरी आली ती तडकलेलीच.

"बाबा, दुपारी काय देता हो तिला खायला?"

"बिस्किटं. आपल्याच कारखान्याची. मी पास केलेली."

"किती?"

"मागेल तेवढी."

"त्यातली साखर तपासलीत कधी?"

कारखान्यात काकांकडे आकार, रंग आणि जाडी होती. साखर दुसऱ्या खात्याकडे.

"महिन्यानं परत दाखवायचंय," मुलगी म्हणाली. "आणखी एक जरी दात किडलेला निघाला, तर दुसऱ्या दिवसापासून दुपारी पाळणाघर. मग माझ्याशी वाद घालायचा नाही."

त्याच संध्याकाळी काकांनी पुडे घराबाहेर काढले आणि स्वतः ओट्याशी उभे राहिले. भिजवून वाटलेला खजूर, काळं पडत चाललेलं पिकलेलं केळं, ओट्स, बदामाची भरड. साखरेचा कण नाही. जाडी पट्टीनं मोजलेली. पहिली खेप माझ्याकडे तपासणीला आली.

"कशी आहेत?"

"भक्कम आहेत."

"म्हणजे?"

"जिन्यातली फुटकी फरशी आहे ना, तिथं बसतील."

दुसऱ्या खेपेला बिस्किटं उचलता येईनात, चमच्यानं खावी लागली. सहाव्या खेपेला मी आपणहून दुसरं मागितलं. काकांनी डोळे बारीक केले. "खरंच आवडलं, की म्हाताऱ्याला खूश करताय?"

दुसऱ्या दिवसापासून नातीच्या शाळेच्या डब्यात रोज पाच बिस्किटं जाऊ लागली. काका रात्रीच डबा भरून ठेवत, सकाळी मुलगी तो दप्तरात घाली. डबा रिकामा परत येऊ लागला. दुसरा कुणी हरखून गेला असता. काका माझ्याकडे आले आणि दार लावून घेत म्हणाले, "चुरासुद्धा नाही. खाणारं माणूस चुरा ठेवतं. यात कुणाचा तरी हात आहे."

"अहो, आवडत असतील पोरीला."

"साखर नसलेलं बिस्किट? पोरीला? तुम्ही कारखान्यात नव्हतात."

तिसऱ्या आठवड्यात नात शाळेतून आली ती ओठ घट्ट मिटून. काकांनी भिंग काढलं. "जीभ दाखव."

जीभ लालभडक.

"हे काय?"

"बीट."

"शाळेत बीट कुणी दिलं?"

नातीनं थोडा वेळ विचार केला आणि रडायलाच लागली. मैत्रिणीनं गोळी दिली होती. रोजच देत होती. काकांना समोर पाळणाघराचं फाटक दिसायला लागलं.

"अगं, पण का घेतलीस?"

"भूक लागते, आजोबा."

"पाच बिस्किटं खाऊन?"

"तीनच तर असतात."

"पाच!"

"तीन! मला वाटलं, तुम्हीच तीन ठेवता. तुम्ही सगळं मोजूनच देता ना."

काका उठले आणि संशयितांची यादी करायला लागले. शाळेच्या बसमधली बाई. खालचा पहारेकरी. तिसरं नाव माझं, कारण त्यांच्या घराची एक किल्ली आमच्याकडे असते. हे त्यांनीच मला सांगितलं. "तुमच्यावर संशय आहे म्हणून नाही," ते म्हणाले, "पण आहे."

त्यांनी सापळा लावला. बिस्किट भाजण्याआधी काट्यानं भोकं पाडायची: सोमवारच्या डब्यातल्या बिस्किटांना एक, मंगळवारच्यांना दोन, बुधवारच्यांना तीन. चोरीचं बिस्किट सापडलं की कुठल्या दिवसाच्या डब्यातलं ते कळावं म्हणून. बुधवारी दुपारभर मी घरी होतो, तेवढ्या वेळात काका दोनदा साखर मागायला आले. ज्या घरातून साखर हद्दपार झाली होती, तिथून! वाटी हातात धरून ते माझ्या टेबलाखाली बघत होते.

संध्याकाळी मुलगी आली. किल्ली ठेवायला तिनं पर्स उघडली आणि कागदी रुमालाची पुरचुंडी खाली पडली. बिस्किट घरंगळत काकांच्या चपलेशी येऊन थांबलं. त्यांनी भिंगातून पाहिलं. तीन भोकं.

"तू?"

मुलगी लाल झाली. "दोनच घेते, बाबा. चहाबरोबर."

"तिच्या तोंडातली? आणि ती तिथं उपाशीपोटी गोळ्या खातेय! वर पाळणाघर माझ्या डोक्यावर!"

गोळ्यांचं ऐकून मुलीनं पर्स तशीच खाली ठेवली. "मला वाटलं, तिला तीन पुरतात. मागायची लाज वाटली हो. लहानपणी तुम्ही कारखान्यातली फुटकी आणायचात. तुमच्या हातचं मी कधी खाल्लंच नव्हतं."

काका बराच वेळ भिंग पुसत राहिले. ते आधीच स्वच्छ होतं.

"पाळणाघराचं नाव परत काढणार नाही," मुलगी म्हणाली.

"लिहून दे."

तिनं लिहून दिलं. तो कागद अजून त्यांच्या फ्रीजवर चिकटवलेला आहे, दोन्ही बाजूंनी, कारण एका बाजूनं चिकटवलेला कागद कुणीही काढू शकतो. महिनाअखेर दंतवैद्यानं नातीचं तोंड तपासलं. आणखी एकही दात किडलेला नव्हता. काकांनी त्याच्याकडून भिंगातून खात्री करून घेतली.

आता काका रात्री दोन डबे भरतात. परवा मी तिथं बसलो असताना मुलगी कामावरून आली आणि तिनं आपला डबा काकांपुढे ठेवला. रिकामा. काकांनी तिच्याकडे बघितलं.

"सगळी तूच खाल्लीस?"

"हो."

"की बापाला बरं वाटावं म्हणून वाटून टाकलीस?"

तिनं अंगातल्या रुग्णालयाच्या कोटाची कॉलर पुढे केली. काकांनी भिंग लावलं, वाकले, बोटानं एक कण उचलला, उजेडात धरला.

"ओट्स," ते म्हणाले. "पास."