मामांचा हात आणि बरणीतला कोळी

चहा संपायच्या आत सांगून टाकतो. ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलीत, तर मला घरी बोलवायचंसुद्धा बंद कराल. मी माझ्या सासऱ्यांचा हात घालवत आणला होता. तोही त्यांना वाचवण्याच्या नादात.

तेव्हा मी खटकचिंचोळीच्या हायस्कुलात हिंदी शिकवायचो. गावात केबल नवीनच आली होती आणि मला नाद लागला होता जनावरांच्या कार्यक्रमांचा. एकदा त्यात विषारी कोळी दाखवले. चावल्या जागी आधी दोन बारीक ठिपके, मग लाली, मग सूज, मग कातडं काळं पडून मांस झडतं म्हणे. झालं. दुसऱ्या दिवसापासून मी अंथरूण झटकायलो, बूट आपटायलो, न्हाणीत बॅटरी घेऊन जायलो. सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणायची, "अवो, कोळी हाय त्यो. वाघ न्हाई."

अशात तिचे वडील उदगीरहून चार दिवस राहायला आले. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. मामा पोस्टमास्तर होते, रिटायर झालेले. बोलणं मोजकं. जावई शिकलेला आहे, तो सांगेल ते बरोबरच असणार, असा त्यांचा विश्वास. तोच त्यांना भोवला.

सकाळी त्यांनी खुंटीवरचा सदरा घालायला बाहीत हात घातला आणि "स्स" करून बाहेर काढला. बाहीतून एक करडा कोळी पडला. पाय धरून तळहाताएवढा. मी मामांचा हात धरून बघितला. पंज्याच्या मागच्या बाजूला दोन ठिपके.

"मामा, हलू नका."

"कामून? मुंगी चावल्यागत झालंय नुसतं."

"सुरुवातीला तसंच वाटतं."

मी रुमाल काढला आणि मनगटावर गच्च आवळला. विष वर चढू नये म्हणून. मग कोळी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कोंडला, डॉक्टरला दाखवायला.

"लोणचं कुठं ठेवू मग मी?" सुनंदा म्हणाली.

"तुझ्या वडिलांच्या जिवापेक्षा लोणचं मोठं हाय का?"

मामा बारीक आवाजात म्हणाले, "जिवावर बेतलंय का, जावईबापू?"

दवाखाना तालुक्याला, भालकीत. तिकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसेपर्यंत पंजा फुगला होता. मी ड्रायव्हरला म्हणालो, "जरा जल्दी चलो. मकडी काटी."

"मकडी?" त्यानं आरशातून बघितलं. "हमारे गाँव में एक कू काटी थी, सर. उंगली गई उसकी."

शेजारची म्हातारी म्हणाली, "बोट कशाचं, आमच्या पाव्हण्याचा पाय सडला की."

आता सांगा, अशा वेळी माणसानं काय करावं? मी पुन्हा हात बघितला. बोटं निळसर पडायलेली. म्हणजे विष रुमाल ओलांडून वर निघालं असणार. मी कमरेचा पट्टा काढला आणि कोपराच्या वर आवळला.

"मुंग्या यायल्यात हाताला," मामा म्हणाले.

"विषाच्या हायत त्या. धीर धरा."

थोड्या वेळानं ते म्हणाले, "बोटं कळंनाशी झाली." मी पट्टा आणखी एक भोक आत घेतला. मामांनी डोळे मिटले. मग न उघडताच म्हणाले, "सुनंदाच्या आईला एकदम सांगू नका. तिला बीपी हाय."

भालकीत उतरलो. एका हातात बरणी, दुसऱ्या हातानं पँट धरलेली, कारण पट्टा मामांच्या दंडावर. दवाखान्यातल्या लोकांनी आपसूकच वाट दिली.

डॉक्टरांनी आधी पट्टा सोडला, मग रुमालाची गाठ कात्रीनं कापली. मामा पहिल्यांदाच ओरडले. हळूहळू निळा हात लाल झाला, लालाचा गव्हाळ झाला, बोटं हलायला लागली. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि विचारलं, "हे बांधलं कुणी?"

"मी."

"सूज कोळ्याची नव्हे, सर. तुमच्या रुमालाची आणि पट्ट्याची आहे. अजून उशीर झाला असता तर हातच गेला असता. चावलं तर साबणानं धुवायचं, गार कापड ठेवायचं. ताप आला, जागा काळी पडली, तर यायचं. बांधायचं काही नाही."

मी बरणी पुढं केली. त्यांनी ती उजेडात धरली. "हा झुरळं खातो. घरी नेऊन सोडा."

"पण टीव्हीवर मांस झडलेलं दाखवलं होतं."

"तो कोळी अमेरिकेत राहतो," डॉक्टर म्हणाले. "त्याला भालकीची बस कोण दाखवणार?"

येताना जीपमध्ये मामा मनगट चोळत खिडकीबाहेर बघत राहिले. चार दिवसांसाठी आलेले, पण दुसऱ्याच सकाळी निघाले. सुनंदानं दशम्यांचं गाठोडं बांधायला घेतलं. आपणही काहीतरी करावं म्हणून मी पुढं झालो आणि म्हणालो, "द्या मामा, मी गाठ मारतो."

मामांनी गाठोडं छातीशी धरलं.

"नको," ते म्हणाले. "हिकडून सरळ उदगीरला जायलोय मी. गाठ सोडवायला वाटेत डॉक्टर न्हाई."