मागच्या गल्लीचं फाटक

शहराच्या ऐन मध्यावर नवी बाग झाली, तेव्हा कपडे अल्टर करून देणाऱ्या वहिनींच्या गल्लीला वाटलं, चला, आपलंही नशीब उघडलं. तिथे पूर्वी मालाची जुनी गोदामं होती आणि गल्लीसमोर नुसती उंच, काळवंडलेली भिंत. ती भिंत पडली आणि एका सकाळी लोकांनी खिडक्या उघडल्या तर समोर हिरवळ, कारंजं, कोवळी झाडं आणि चालायला गुळगुळीत वाटा! डोळ्यांचं पारणं फिटलं. पण भिंतीच्या जागी लोखंडी कुंपण आलं, आणि त्याला या बाजूने फाटकच नव्हतं. आत जायचं तर पार वळसा घालून मोठ्या रस्त्यावर जायचं.

मोठ्या रस्त्याचं मात्र सोनं झालं. दुकानांना नवे रंग लागले, कॉफीची दुकानं आली, बसथांबा आला. मागची गल्ली होती तशीच मागे राहिली.

वहिनींचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक मशीन, एक इस्त्री, भिंतीवर देवाची तसबीर. पँट आखूड करणं, चेन बदलणं, सुटलेल्यांचे कपडे सैल करणं आणि वाळलेल्यांचे घट्ट करणं, हा धंदा. मशीन चालू झालं की ओठांवर देवाचं नाव चालू. दारात खुर्ची टाकून सासूबाई बसत. त्यांच्याकडे उसवायचं काम. शिवण उसवावी तर त्यांनीच. कापडाला ओरखडा उठायचा नाही. गुडघे मात्र पार गेलेले. दुकानाच्या पायरीपलीकडे त्यांचं जग कित्येक वर्षांत गेलं नव्हतं, आणि आता त्या पायरीच्या समोरच बाग.

"अगं, ताट वाढून समोर ठेवलंय आणि माझे हात बांधलेत," त्या म्हणत.

वहिनींना हे ऐकवेना. बाग उघडल्यावर पहिल्याच सुट्टीच्या दिवशी त्यांनी रिक्षा केली आणि सासूबाईंना मोठ्या फाटकाशी नेलं. तिथे ही गर्दी! फाटकापासून हिरवळ लांब. सासूबाई जेमतेम पहिल्या बाकापर्यंत पोचल्या आणि बसल्या. समोर लोकांच्या पाठी आणि डोकी. कारंज्याचा नुसता आवाज.

"चल घरी," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "एवढंच बघायचं तर माझी खुर्ची काय वाईट होती?"

बोलल्या हसत, पण रिक्षातून मान वळवून बागेकडेच बघत राहिल्या. तेव्हाच वहिनींनी मनाशी चंग बांधला, की आईंना बागेत न्यायचं ते आपल्या दारातूनच. दुसऱ्या दिवशी देवापुढे हात जोडताना त्यांनी चक्क फाटक मागितलं. मागून झाल्यावर ओशाळल्या. देवाकडे कुणी लोखंडाचं फाटक मागतं का?

देवाला सांगून झाल्यावर बागेच्या साहेबांनाही सांगायला गेल्या. साहेब नवे, नेटके, शर्ट कडक इस्त्रीचा.

"ताई, आराखड्यात मागचं फाटक नाही."

"मग घाला ना."

"आराखड्यात नाही, म्हणजे नाही."

वहिनी हात हलवत परत आल्या. चावीवाला, म्हणजे गल्लीच्या तोंडाशी चाव्या करून देणारा शेजारी, वाटच बघत होता.

"काय वहिनी, उघडलं का कुलूप?"

"तू कसला चावीवाला रे? तूच उघडून दाखव!"

"आधी दार तर असू द्या, मग चावीचं बघतो!"

आता झालं असं, की गल्लीतल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या त्या भिंतीला दोऱ्या बांधून कपडे वाळत घालायची सवय. भिंत गेली तरी हात कुठे ऐकतात? कुंपणावर चादरी आल्या, रजया आल्या, वहिनींच्या गिऱ्हाइकांचे धुतलेले पडदे आले. बागेत फिरायला आलेली माणसं कारंज्यासमोर फोटो काढत, आणि फोटोत मागे कुणाच्या तरी रजईवरची मोठमोठी गुलाबाची फुलं.

साहेबांनी ते आतून पाहिलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. कुंपणाशी येऊन ते ओरडले, "काढा ते कपडे!"

"काय म्हणताय? ऐकू येत नाही!" कानाला हात लावून चावीवाला ओरडला. "इकडे या, इकडे!"

साहेब निघाले. मोठं फाटक, मोठा रस्ता, चौक, मग गल्ली. घामाघूम होऊन पोचले तोवर कुंपण स्वच्छ. गल्लीतल्या बायका घड्या घालत बसलेल्या.

"कसले कपडे, साहेब?"

साहेब पाय आपटत परत गेले. बागेत पोचून बघतात तर रजई पुन्हा कुंपणावर. पुन्हा वळसा, पुन्हा कुंपण मोकळं. हा खेळ पुढे रोजचाच झाला. वहिनींना त्यांची दयाही यायची. पण त्या मनात म्हणत, चाला साहेब, चाला. आम्ही रोज चालतो ते तुम्हालाही कळू दे.

एका दुपारी साहेबांचा तोल सुटला. रजई दिसली, आणि वळसा घालायचं सोडून गडी सरळ कुंपणावर चढला. अर्धी गल्ली बाहेर आली. एक पाय इकडे आला, दुसरा येता येता टर्रकन आवाज झाला. साहेब गल्लीत उतरले खरे, पण पँट मागून उभी फाटली होती. दोन्ही हात पाठीशी धरून ते कुंपणाला चिकटून उभे राहिले. आता मोठ्या रस्त्याने ऑफिसात जायचं कसं?

देव कुठल्या रूपाने येईल सांगता येत नाही. त्या दुपारी तो फाटक्या पँटीच्या रूपाने आला, असं वहिनी आजही म्हणतात.

"हसायचं नाही कुणी!" त्यांनी गल्लीला दम भरला. साहेबांना दुकानात घेतलं, मधला पडदा ओढला, गुंडाळायला एक धुतलेली चादर दिली आणि पँट मशीनवर घेतली. साहेब चादरीत बसून पाणी प्यायले. सासूबाई शेजारीच. त्यांनी साहेबांना एकदा नीट न्याहाळलं.

"दमलात ना?"

"दमलो, आजी."

"तुमच्यासारख्या धडधाकट माणसाची ही गत. मग मी या बागेत कशी येऊ? तुम्हीच सांगा."

साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "आजी, आराखड्यात..."

मशीन थांबलं. वहिनींनी पँट उलटी करून त्यांच्यापुढे धरली. फाटलेल्या जागी आतून त्याच रंगाचा तुकडा लावून वरून बारीक शिलाई मारली होती.

"साहेब, या पँटीच्या मापात हा तुकडा नव्हता. आता आहे. पँट बिघडली का?"

साहेबांनी शिवणीवरून बोट फिरवलं. आधी ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, मग चादर सावरत मोठ्याने हसले. पडद्याबाहेर इतका वेळ हसू दाबून बसलेली गल्लीही फुटली.

त्यानंतर साहेबांनी वरच्यांच्या मागे कसा तगादा लावला ते त्यांनाच ठाऊक. आधी माप घ्यायला माणसं आली, मग नुसतीच वाट बघणं झालं. आणि एक दिवस कुंपण कापायचं यंत्र घेऊन कामगार आले. ठिणग्या उडाल्या तशी घराघरांतून माणसं बाहेर पडली.

फाटक उघडलं त्या सकाळी सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. वहिनींनी हात पुढे केला तर म्हणाल्या, "सोड. पडले तर धर."

पायरी उतरल्या. गल्ली ओलांडली. फाटकाच्या खांबाला धरून क्षणभर थांबल्या, आणि आत गेल्या. फाटकाला लागूनच हिरवळ. तिथल्या बाकावर टेकल्या आणि त्यांनी समोरच्या कारंज्याला चक्क नमस्कार केला.

महिना व्हायच्या आत गल्लीचा नूर पालटला. ऑफिसातून सुटलेली माणसं बागेतून मधली वाट काढून गल्लीतून बाजाराकडे जाऊ लागली. बंद पडलेल्या गाळ्यांची शटरं वर गेली. चावीवाल्याने नवी पाटी लावली. वहिनींकडे इतकं काम आलं की दुसरं मशीन घ्यावं लागलं. रजया आपोआप गच्चीवर गेल्या. जाता-येता जिथे चार माणसं भेटून बोलायची, त्या फाटकाशेजारी कपडे वाळत घालावेत असं कुणालाच वाटेना.

साहेब हल्ली याच फाटकाने येतात-जातात. परवा बाकाशी थांबून त्यांनी विचारलं, "काय आजी, आता काही तक्रार नाही ना?"

"आहे तर. फाटक फार उशिरा उघडता."

"अहो आजी, सूर्य उगवला की उघडतो!"

"मग त्याला सांगा जरा लवकर यायला. आमची झोप त्याच्याआधी मोडते."

साहेबांनी हात टेकले. सासूबाईंनी वहिनींकडे पाहिलं आणि गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या.

"चल गं, त्या कारंज्याच्या पलीकडे काय आहे ते बघू."

"आई, एवढं लांब? आणि दुकान?"

"दुकान काय पळून जातंय?" म्हणत त्या चालू लागल्या. वहिनींनाच मागून भराभर पावलं टाकावी लागली.