तापलेल्या तव्यावरचा थेंब

धुळ्याच्या एका ज्युनियर कॉलेजात मी कित्येक वर्षं फिजिक्स शिकवते आहे, आणि माझी जीभ तिखट आहे हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे.

दर शनिवारी मी फळ्यावर एक कोडं लिहायचे. मुलांनी चिठ्ठीवर उत्तर द्यायचं. ज्याची उत्तरं सगळ्यांत जास्त बरोबर येतील, त्याला जळगावच्या विज्ञान स्पर्धेला मी स्वतः घेऊन जायचे. त्या वर्षी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातली एक मुलगी सगळ्यांच्या पुढे होती; एक मुलगा तेवढा तिच्या बरोबरीला होता. ती हॉस्टेलवर राहायची. जळगावला जायचंच, असं तिने मला दोनदा येऊन सांगितलं होतं. तिच्या गावातलं तोवर कुणी कसल्याच स्पर्धेला गेलेलं नव्हतं.

शेवटचं कोडं मी सोपं म्हणून घातलं. दोन लोखंडी तवे, एक बेताचा तापलेला, दुसरा कडकडीत. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला, तर कोणता आधी नाहीसा होईल? सगळ्यांनी लिहिलं, कडकडीत तव्यावरचा. या एकटीने लिहिलं, बेताच्या तव्यावरचा आधी जातो. कडकडीत तव्यावरचा गोळी होऊन पळत राहतो आणि बराच वेळ टिकतो.

मी लाल फुली मारली. तेवढ्यावर थांबले असते तर बरं! पण मी ती चिठ्ठी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. "थेंब पळतो म्हणे. कुठे पळतो गं, बसस्टँडवर?" वर्ग फिदीफिदी हसला. ती उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही घरी भाकरी करता ना? मंग देखेल व्हई ना तुम्ही."

वर्ग आणखी हसला. "हा फिजिक्सचा तास आहे, स्वयंपाकाचा नाही," मी म्हणाले. ती खाली बसली. मी जळगावसाठी त्या बरोबरीच्या मुलाचं नाव जाहीर करून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी रविवार. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायला घेतली आणि तवा तापला का ते पाहायला सवयीने पाणी शिंपडलं. थेंबांच्या गोळ्या झाल्या आणि त्या तव्यावर सैरावैरा पळू लागल्या. माझा हात तसाच हवेत राहिला. गॅस बारीक केला, तवा जरा निवू दिला, पुन्हा शिंपडलं. चर्र! थेंब पसरले आणि गेले. पुन्हा गॅस मोठा केला. थेंब पळत होता, मी मनात आकडे मोजत होते, आणि तो संपता संपत नव्हता.

लग्नाआधीपासून मी हे रोज पाहत आले होते. रोज! आणि फळ्यासमोर उभी राहिले की त्यातलं काहीच मला आठवलं नव्हतं. कारणही दोन मिनिटांत माझं मलाच सुचलं: तवा फार तापलेला असला की थेंबाच्या बुडाची लगेच वाफ होते, त्या वाफेवर थेंब तरंगतो, आणि तव्याची आच त्याला सरळ लागत नाही. नवऱ्याने आत डोकावून विचारलं, "काय झालं, भाजलं का?" मी म्हणाले, "नाही. मी गाढव आहे."

सोमवारी घरचा तवा पिशवीत घालून नेला. प्रयोगशाळेतल्या शेगडीवर तापवून सगळ्या वर्गाला थेंब दाखवले. माझं चुकलं असं मोठ्याने म्हटलं आणि तिची माफी मागितली. निवडलेला मुलगा आपणहून म्हणाला, "मॅडम, तिलाच जाऊ द्या." वर्गाने टाळ्या वाजवल्या, तीही हसली. मी निर्धास्त झाले.

जळगावला जाताना पारोळा मागे पडलं तरी ती बोलेना. मला वाटलं, स्पर्धेची धास्ती असेल. तोंडी फेरीत ती शेवटच्या तिघांत आली. परीक्षक वयस्कर प्राध्यापक होते. त्यांनी विचारलं, "डोळे मिटलेत आणि कुणी पेल्यात पाणी ओतलं. नुसत्या आवाजावरून पाणी गरम की गार, ते कळेल का?"

दोघं नाही म्हणाले. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. खरं तर उत्तर मलाही येत नव्हतं.

"नाही, सर," ती म्हणाली. "असं पुस्तकात कुठेच नाही."

परीक्षकांनी आम्हा सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि दोन तांब्यांतून पाणी ओतून ऐकवलं. गरम पाण्याचा आवाज गारपेक्षा सहज कळेल इतका दबका येत होता. असं का होतं, यावर अजून वाद आहेत, असंही त्यांनी सांगितलं. मी थक्क होऊन डोळे उघडले. सगळा हॉल माझ्यासारखाच चकित झाला होता. ती मात्र खाली मान घालून बसली होती.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हा. तपेल पानीना आवाज येगळा येस. घर रोज आयकस मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"माले वाटनं, बठ्ठा हासतीन."

सगळे हसतील, म्हणून तिने उत्तर दाबून ठेवलं होतं. ती रागाने बोलत नव्हती, रडतही नव्हती. मी शिकवलेलं तिने नीट लक्षात ठेवलं होतं, इतकंच.