कापडी पटावरची बरोबरी

ग्रँडमास्टरकडून हरलेला माणूस शोधायचा तर दिवा घेऊन फिरावं लागे, आणि ग्रँडमास्टरला हरवलेला माणूस शोधायचा तर दोन दिवे. बुद्धिबळाच्या जगात पाठीमागे त्याला सगळे 'बरोबरीसाहेब' म्हणत. मोठमोठे खेळाडू बाह्या सरसावून त्याच्यावर चालून जात आणि चार-पाच तासांनी घामाघूम होऊन अर्धा गुण खिशात घालून उठत. तो स्वतः मात्र नुकती अंघोळ करून आल्यासारखा ताजा. त्याची प्यादी एकमेकांना धरून उभी असत, घोडे घर सोडून फारसे लांब जात नसत, आणि वजिराला वजीर मारून मोकळं व्हायची तर त्याला अशी घाई, की वजीर म्हणजे जणू मुक्काम लांबवलेला पाहुणा. वर्तमानपत्रवाले लिहीत, 'अभेद्य बचाव!' आणि बघणारे त्याचा डाव सुरू झाला की चहा प्यायला बाहेर पडत.

अभेद्य बचाव वगैरे काही नव्हतं. समोरच्याला ताकास तूर लागू न देता त्याला आपल्या बरोबरीला आणून ठेवायचं, ही त्याची खरी विद्या. ती तो कुठल्या पुस्तकात नाही, एका शिंप्याच्या दुकानात शिकला होता.

शिंपी म्हणजे त्याचा दादा. वडील गेले तेव्हा दादाला नुकती मिसरूड फुटत होती. शाळेचं दप्तर खुंटीला अडकवून तो वडिलांच्या मशीनवर बसला. बुद्धिबळाचं वेड मुळात त्याचं. कोटाच्या उरलेल्या काळ्या कापडाचे आणि अस्तराच्या पांढऱ्या कापडाचे चौकोन जोडून त्याने पट शिवला होता. कोपऱ्यातलं हत्तीचं एक घर जरा मोठं झालं होतं. "हत्तीला जागा नको ऐसपैस?" असं म्हणून त्याने ती चूक पचवली. सोंगट्या बटणांच्या डब्यात राहत. दुकान बंद झालं की कापायच्या टेबलावरच्या चिंध्या सारायच्या, पट अंथरायचा आणि दादाने धाकट्याला खेळ शिकवायचा. डाव संपला की दोघांनी दोन-दोन टोकं धरून पटाची घडी घालायची. एकट्याने घातली तर सुरकुत्या पडतात, असा शिंप्याचा कायदा होता.

धाकटा बारा वर्षांचा असताना एका संध्याकाळी त्याने दादावर मात केली. पहिल्यांदाच. घोड्याचा शह, मागून उंट, आणि राजाला पळायला जागा नाही. धाकटा टुणकन उडी मारणार होता, पण त्याचं लक्ष दादाच्या चेहऱ्याकडे गेलं. दादाचे कान लालबुंद झाले होते. तो पटाकडे बघत राहिला, मग उठला आणि चपला घालून बाहेर गेला. घडी तशीच राहिली.

त्यानंतर किती तरी दिवस पट निघाला नाही. दादा दुकान बंद करून कुठे तरी जायचा, उशिरा यायचा, खाली मान घालून जेवायचा. मग एके दिवशी त्याने धाकट्याला गणिताच्या एका निवृत्त मास्तरांच्या दारात नेऊन उभं केलं. मास्तर बुद्धिबळात मुरलेले. "आता यांच्याकडे शिकायचं," दादा म्हणाला. धाकट्याने काय ते ओळखलं. दादाला हार झोंबली. आता आपल्याशी खेळायला नको, म्हणून त्याने आपल्याला मास्तरांच्या गळ्यात बांधलं.

ज्याने आपल्यासाठी शाळा सोडली त्याला आपणच हरवलं, हे त्या पोराला फार लागलं. पुढे सुटीच्या दिवशी दुपारी दादाने पुन्हा पट काढला, तेव्हा धाकटा हातचं राखून खेळला. हरणं सोपं होतं, पण दादाला ते कळलं असतं. म्हणून त्याने डाव असा वळवला की शेवटी दोन्हीकडे एकेक राजा आणि एकेक अडकलेलं प्यादं उरलं. दादाच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "अरे वा, मास्तरांच्या शिष्याला रोखलं की मी!" दोघांनी मिळून पटाची घडी घातली.

मग तोच रिवाज पडला. दादाच्या कच्च्या खेळ्या सावरून घ्यायच्या, आपल्या चांगल्या खेळ्या गिळायच्या, आणि डाव अलगद बरोबरीच्या घाटाला लावायचा. हे जिंकण्यापेक्षा कितीतरी अवघड. यात तो इतका तरबेज झाला की हाताला दुसरं वळणच उरलं नाही. मास्तर डोकं धरून बसत. "तू पट बघतच नाहीस," ते म्हणत, "समोरच्याचं तोंड बघतोस. बुद्धिबळ खेळतोयस की सांत्वनाला आलायस?"

तरी बरोबऱ्यांची मोळी बांधून तो ग्रँडमास्टर झालाच. किताबासाठी ज्या स्पर्धा गाजवाव्या लागतात त्या त्याने गाजवल्या नाहीत, नुसत्या निभावल्या. देशाच्या अजिंक्यपदाचा घास मात्र एकदा अगदी तोंडाशी आला होता. शेवटचा डाव, समोर एक तरुण खेळाडू, त्याचा राजा उघड्यावर पडलेला. आणखी तीन-चार खेळ्या, की संपलं. चहा प्यायला गेलेलेसुद्धा कप हातात घेऊन परत आले होते. ग्रँडमास्टरने मान वर केली. त्या तरुणाचे कान लाल झाले होते. ग्रँडमास्टरने एक बिनकामाची खेळी केली, "बरोबरी?" असं विचारलं आणि घड्याळाचं बटण दाबलं. तरुणाने इतक्या घाईने हात पुढे केला की दोन सोंगट्या पडल्या. अजिंक्यपद अर्ध्या गुणाने दुसऱ्याकडे गेलं. मास्तर त्यानंतर त्याच्याशी बुद्धिबळावर कधी बोलले नाहीत. हवापाण्यावर बोलत.

दादाला मात्र कशाचंच वाईट वाटलं नाही. गिऱ्हाइकाच्या खांद्यावर टेप ठेवून तो सांगे, "धाकटा ग्रँडमास्टर आहे आपला. पण मोठा झाल्यावर मला अजून हरवता आलेलं नाही त्याला. हात खाली घ्या." हे सांगताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढे.

ग्रँडमास्टरला साठ वर्षं झाली तेव्हा बुद्धिबळ मंडळाने छोटा सत्कार ठेवला. पाहुण्यांची भाषणं आटोपली आणि कुणीतरी दादाला बोलायला उभं केलं. स्वतः शिवलेला कोट घालून दादा माइकसमोर आला आणि त्याच्यावर आधी दोनदा बोट आपटलं.

"मी शिंपी माणूस," तो म्हणाला. "तुमच्या ग्रँडमास्टरला आयुष्यभर बरोबरीत अडकवून ठेवलंय मी. एकदाच हरलो, हा बारा वर्षांचा होता तेव्हा. तुम्हाला सांगतो, तसा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नाही." वहिनी पहिल्याच रांगेत होत्या. हशा पिकला. "डोळ्यांत पाणी आलं, ते याने बघू नये म्हणून बाहेर पळालो. माझ्याशी खेळून याचा हात बिघडेल अशी भीती वाटली, म्हणून पटच काढला नाही. रोज दुकान बंद केलं की मास्तरांच्या दारात जाऊन बसायचो. ते हो म्हणेपर्यंत उठलो नाही. पण पुढे बघतो तर काय, मास्तरांकडे शिकूनसुद्धा याला मी काही आवरत नव्हतो! तेव्हा कळलं, आपल्यातही काही तरी आहे. मशीन चालवताना तेवढ्याचा फार आधार वाटला मला."

टाळ्या वाजत राहिल्या. ग्रँडमास्टर हारासकट खुर्चीत थिजून बसला होता. लाल कान बघून त्याने जे ओळखलं, ते साफ खोटं होतं, आणि त्या खोट्यावर त्याने सगळं आयुष्य खेळून काढलं होतं. दादाला वाटलेली भीती मात्र खरी ठरली. हात बिघडला तो त्याच पटावर. त्याला रडूच फुटलं असतं, पण लोक फोटो काढत होते.

घरी गेल्यावरही त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं: दादाला तो आनंद परत द्यायचा. हरवण्याशिवाय त्याला दुसरा रस्ता सुचला नाही, आणि उशीर खूप झाला होता. म्हणून तो दुसऱ्याच दिवशी दुकानात गेला.

"दादा, पट काढ."

"आज सुटी नाही रे," दादा म्हणाला. पण तोवर त्याचे हात चिंध्या सारायला लागलेसुद्धा.

ग्रँडमास्टर खेळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दादाच्या चुकीला त्याने चूक म्हणून मारलं. घोडे घराबाहेर पडले, वजीर पटभर फिरला. दादाने चष्मा पुसून परत लावला, तोवर मात झालीसुद्धा होती.

"अगं, ऐकलंस का?" दादा आतल्या खोलीकडे बघून ओरडला. "हरवलं मला याने! परत हरवलं!" त्याने टाळी द्यायला हात वर केला. ग्रँडमास्टरच्या छातीवरचा धोंडाच उतरला.

मग दादाचा हात खाली आला. त्याने पटाकडे पाहिलं. त्याच्या बऱ्याचशा सोंगट्या अजून जागच्या हलल्याही नव्हत्या. कोपऱ्यातल्या ऐसपैस घरात हत्ती तसाच उभा होता.

"फार लवकर झालं रे," तो म्हणाला.

ग्रँडमास्टर मारलेली प्यादी नीट रांगेत लावायला लागला.

"धाकट्या, खरं सांग. हे तुला आधीही येत होतं ना?"

"आज नशीब चांगलं होतं" एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते. पण ती पुन्हा बरोबरीच झाली असती. त्याने होय म्हणून मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, दादा."

आतून वहिनींचा आवाज आला, "काय झालं हो? कोण हरलं?"  दादा एकेक सोंगटी उचलून बटणांच्या डब्यात ठेवत राहिला. त्याचे कान लाल झाले होते, आणि या वेळी ते कशाने, हे ओळखण्यात काही चूक होण्यासारखं नव्हतं. शेवटची सोंगटी आत गेली. ग्रँडमास्टरने नेहमीसारखी आपल्या बाजूची टोकं धरली.

"राहू दे," दादा म्हणाला आणि त्याच्या हातातून ती हळूच सोडवून घेतली. "इतकी वर्षं मी एकटाच खेळत होतो. घडीही घालता येईल मला एकट्याला."