विनयाबाईंनी भरलेला रकाना

सुधाकर उजागरेंना गुडगावच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली आणि त्यांच्यामागोमाग त्यांची बायको विनया जालना सोडून तिकडे आली, ते साल शहाण्णव. जालन्याला ती मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. गुडगावात सेक्टरातल्या नव्या शाळेत तिला तेच काम मिळालं. घराभोवती अर्धी शेतं होती आणि अर्धे पाये खणलेले प्लॉट. मोहरीच्या पट्ट्याला खेटून सिमेंटचे खांब उभे राहत होते, आणि दर महिन्याला एखादं शेत नाहीसं होत होतं.

असाच एक रिकामा प्लॉट तिने मागून घेतला आणि शाळा सुटल्यावर मुलींना फुटबॉल शिकवायला लागली. बॉल एकच होता, त्याचीही शिवण उसवलेली. चर्चमध्ये ओळख झालेल्या नीरज मसीहनी तो पाहिला. दिल्लीतल्या एका ख्रिस्ती क्रीडासंस्थेचं काम ते बघत. पंधरा दिवसांत बूट, जर्सी, जाळी, सगळं आलं. क्लब त्या संस्थेला जोडला गेला. सामन्याआधी मुलींनी रिंगण करून मिनिटभर डोळे मिटायचे, एवढीच अट होती. विनयाने मुलींना सांगून टाकलं, "जिसको जिसे याद करना है, करो. नहीं करना तो चुप खड़ी रहो." पुण्याहून आलेल्या आयटीवाल्यांची क्षिप्रा अथर्वशीर्ष पुटपुटायची. गोलकीपर राजबाला काहीच म्हणायची नाही, नुसती हातमोजे आवळत राहायची.

राजबाला सेक्टरांच्या मधोमध अडकलेल्या गावातली. तिच्या वडिलांनी, रामफलनी, जमीन बिल्डरला विकून भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. पोरगी घराबाहेर खेळते हे त्यांना पसंत नव्हतं. विनया तीनदा त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "मैडम जी, आपके भरोसे भेज रहा हूँ." आणि राजबाला अशी काही खेळली, की दीड वर्षात राज्याच्या निवड चाचणीसाठी तिचं नाव गेलं. चाचणी पानिपतला होती, जानेवारीत.

त्याआधी, नोव्हेंबरात, संस्थेचा वार्षिक फॉर्म आला. मुली किती, सामने किती, आणि शेवटचा रकाना होता 'बदललेली जीवने'. विनया पेन घेऊन बसली. तिला आठवलं, की राजबाला पहिल्यांदा आली तेव्हा मान वर करून बोलतसुद्धा नव्हती. बचावाला खेळणारी रिटा, क्षिप्रा, कारखान्यातल्या वॉचमनच्या दोघी मुली, सगळ्याच बदलल्या होत्या. तिने लिहिलं: अकरा. खाली 'एक उदाहरण द्या' असं होतं. तिथे राजबालाचं नाव घालून चार ओळी लिहिल्या आणि सोबत एक फोटोही जोडला. एका सामन्यात खांदा दुखावून राजबाला रडली होती, विनयाने तिच्या डोक्यावर हात ठेवला होता, तो क्षण कुणीतरी टिपला होता.

त्या रकान्यात संस्था ख्रिस्ताला स्वीकारलेल्यांची संख्या मोजते, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. चर्चमध्ये वाढलेली बाई होती ती. पण बूट फाटले होते, नवी जाळी हवी होती, आणि अकरा हा आकडा खोटा नव्हता. तिने लिफाफा चिकटवला.

संस्थेच्या मासिकाच्या नाताळ अंकात तो फोटो छापून आला, हिंदीत आणि इंग्रजीतही. खाली लिहिलं होतं, की अंधारात वाढलेल्या राजबालाला प्रभूचा प्रकाश लाभला आणि तिच्यासारख्या आणखी दहा जणींनाही. राजबालाचा चुलतभाऊ टॅक्सी चालवायचा. संस्थेला भेट देऊन आलेले परदेशी पाहुणे उतरल्यावर मागच्या सीटवर त्याला तो अंक सापडला.

दुसऱ्या दिवसापासून राजबाला सरावाला आली नाही. चौथ्या दिवशी क्षिप्राने निरोप आणला, "मॅडम, तिला घरात बसवलंय. गावात पंचायत बसली म्हणे. तिचे बूट विहिरीत टाकले."

विनयाने नीरजना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "सिस्टर, हमने तो वही छापा जो आपने लिखा."

"मैंने ऐसा नहीं लिखा था."

"आपने ग्यारह लिखा था. उस कॉलम का मतलब आपको नहीं पता था?"

तिने फोन ठेवला. संध्याकाळी तिने सुधाकररावांना सांगितलं, "अहो, मी त्यांच्या घरी जाऊन येते."

"एकटी जाऊ नकोस. आणि छापणाऱ्यांनी चूक केली म्हणून सांग, झालं."

"चूक त्यांची एकट्यांची नाही ना."

सुधाकरराव चपला घालून तिच्याबरोबर निघाले.

ओसरीवर सात-आठ माणसं बसली होती. कुणी बसा म्हटलं नाही. रामफलनी अंक पुढे केला आणि विचारलं, "यो तन्नै लिख्या था?"

छापणाऱ्यांनी फिरवलं, हे म्हणणं सोपं होतं आणि अर्धं खरंही. विनया म्हणाली, "नाम मैंने दिया. फोटो भी मैंने दी. लड़की ने कुछ नहीं किया, उसे कुछ मालूम भी नहीं था. वो जैसी आई थी वैसी ही है. उसे पानिपत जाने दीजिए, मैं साथ नहीं आऊँगी."

रामफल ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "मन्नै तो भरोसे भेजी थी." मग उठून आत गेले. दाराआड बांगड्यांचा आवाज झाला, पण राजबाला बाहेर आली नाही.

पानिपतची चाचणी तिच्याविना पार पडली. मार्चमध्ये रेवाडीकडे कुठेतरी तिचं लग्न झालं.

विनयाने संस्थेला पत्र लिहून क्लब वेगळा केला आणि मजकूर मागे घ्यावा अशी विनंती केली. पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा आला, तो कोण वाचणार? जर्सी परत गेल्या. चर्चमध्ये काही बायका तिच्याशी तुटकपणे वागू लागल्या. पाळकांनी विचारलं, "प्रभूच्या कामाची लाज वाटली का?" ती म्हणाली, "नाही, माझ्या कामाची वाटली." दर रविवारी ती उपासनेला जात राहिली, मागच्या बाकावर बसू लागली. पाच मुली उरल्या होत्या. त्यांना ती शाळेच्या नावावर खेळवत होती.

दोन वर्षांनी एका दुपारी शाळेच्या फाटकाशी एक घुंगट घेतलेली बाई उभी दिसली, सोबत बाराएक वर्षांची मुलगी. ती राजबालाची आई होती.

"इसका भी जी करै सै खेलण का," ती हळूच म्हणाली. "इसके बापू नै बेरा कोनी, उननै बताया नहीं. वे दोपहरी में बिल्डर आळे मुकदमे में जावैं सैं, उस टैम भेज दूँगी."

मुलीचे पंजे मोठे होते, बहिणीसारखेच. विनयाचं मन एकदम पुढे धावलं. तिने ते आवरलं.

"बापू से पूछकर लाइए," ती म्हणाली. "छुपाकर मैं नहीं ले सकती."

आईने मान हलवली. 'हो' की 'नाही', ते घुंगटामुळे कळलं नाही. दोघी रस्त्याच्या कडेने, नव्या टॉवरच्या कुंपणाला लागून निघून गेल्या.

विनयाने आठवडाभर वाट पाहिली, मग महिनाभर. तिने सुधाकररावांना विचारलं, "मी बरोबर केलं ना?" त्यांनी पेपर बाजूला ठेवला. "केलंस," ते म्हणाले. पण मुलगी आली नाही ती नाहीच.